खरं बोलल्याची दोन वर्षं

कॉस्मे लोबो सातवीत असताना मी बांद्याच्या शाळेत खेळाचा मास्तर होतो. गोल मारण्यापेक्षा समोरच्याचा चेंडू अडवण्यात त्याला गोडी. घोटा सुजला की मी म्हणायचो, "पट्टी बांध नि उतर." तो उतरायचा. ही सवय त्याला मीच लावली. आधीच कबूल करतो, कारण पुढे ज्यांच्यावर रागावणार आहे, त्यांच्यात थोडा मीही आहे.

एकोणिसाव्या वर्षी गोव्यातल्या एका व्यावसायिक फुटबॉल क्लबाने त्याला उचललं. बारा हंगाम तो बचावफळीत खेळला. सामना असला की इथून टेम्पो भरून माणसं जायची.

अकराव्या हंगामात त्याच्या उजव्या गुडघ्यातली गादी फाटली. ऑपरेशन केलं असतं तर सहा महिने बाहेर बसावं लागलं असतं, आणि क्लबाला ते नको होतं. मग क्लबाच्या डॉक्टरने सोपा मार्ग काढला. सामन्याआधी गुडघा बधिर करायची सुई, सामन्यानंतर मूठभर गोळ्या. खेळताना काही कळायचं नाही. बधिरपणा उतरला की कॉस्मे जिना बसून बसून उतरायचा.

त्या गोळ्यांनी पोटाची वाट लावली. एका दुपारी जेवता जेवता उठला आणि रक्त ओकला. त्याची बायको डेल्सी सरकारी दवाखान्यात नर्स. तिने गोळ्यांचं पाकीट चुलीत टाकलं. "ही गोळी परत तोंडात घातलंस तर माझ्या हातचा जेवू नको!"

गोळ्या थांबल्या, दुखणं थांबलं नाही. हंगामाच्या मध्ये दहा दिवसांची सुट्टी होती. संघातल्या कुणीतरी गांजा दिला आणि मागच्या पडवीत बसून त्याने चार-पाच संध्याकाळी ओढला. गांजा ओढणं गुन्हा आहे. मी त्याची वकिली करत नाही. डेल्सीनेही कळल्यावर त्याला चांगलंच फैलावर घेतलं. पण त्या चार-पाच दिवसांत त्याला झोप लागली, एवढं खरं.

सुट्टी संपून पहिला सामना झाला आणि उत्तेजक द्रव्यांच्या तपासणीवाल्यांनी लघवीचा नमुना घेतला. त्यात गांजाचा अंश सापडला. त्याच सामन्याआधी गुडघ्यात सुई गेली होती. ती नियमात बसत होती. क्लबाने त्याला त्याच आठवड्यात घरी पाठवलं.

सुनावणी व्हिडिओवर झाली, सकाळी अकराला. कागद समजून घ्यायला मदत करा म्हणून कॉस्मेने मला बोलावलं होतं. लॅपटॉपवर समितीची तीन माणसं. बोलत होत्या त्या एक बाई, मराठीच. आवाज अगदी समजूतदार.

"हे पाहा, तुम्ही मौजेसाठी ओढला असं सांगितलंत तर तीन महिन्यांची बंदी. व्यसन आहे असं मान्य करून समुपदेशन घेतलंत तर एकच महिना. पण दुखण्यासाठी ओढला म्हणालात, तर त्याचा संबंध खेळाशी लागतो. मग दोन वर्षं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. तेच होतं.

कॉस्मेने दोन मिनिटं मागितली आणि आवाज बंद केला. माझ्याकडे वळला. "सर, खोटा सांगलंय तर एक म्हयनो, खरा सांगलंय तर दोन वर्सां. ह्यो खंयचो न्याय?"

"अरे, एक महिनाच आहे," मी म्हणालो. खरंच म्हणालो. "सही करून मोकळा हो."

"मी गंजेकस नाय, सर. तसा लिवन कसा देवू?"

डेल्सी कॅमेऱ्याच्या बाहेर भिंतीला टेकून उभी होती. तिच्या हातात त्याच्या दवाखान्याच्या कागदांची फाइल. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "खरा काय ता सांग. मगे काय ता बघूया."

त्याने आवाज सुरू केला आणि शाळेत उत्तर द्यायला उभा राहायचा तसा ताठ बसला. "मॅडम, मला नशा करायची नव्हती. माझा गुडघा दुखत होता. तो का दुखत होता, ते या फाइलीत आहे. फाटलेल्या गुडघ्यात सुया मारून मला वर्षभर खेळवलं."

"सुयांचा विषय आज आपल्यासमोर नाही," बाई म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी निकाल आला. दोन वर्षं. अपील केलं, तेही फेटाळलं. कॉस्मे एकतीस वर्षांचा. क्लबाने निकालाच्या दुसऱ्याच दिवशी करार मोडला होता. पुढचा सामना मी टीव्हीवर पाहिला, तर तोच डॉक्टर बाकावर बसलेला, गळ्यात ओळखपत्र. मी टीव्ही बंद केला.

इथेही त्याला सुख नव्हतं. चर्चच्या फेस्ताला, म्हणजे जत्रेला, होणाऱ्या स्पर्धेतलं बक्षीस वाटायला त्याला बोलावलं होतं, ते नाव गुपचूप बदललं. शाळेच्या मुलींना तो फुकट शिकवायला तयार होता. पण शाळेचा संघ फुटबॉल संघटनेला जोडलेला आणि बंदी असलेल्याने शिकवायचंही नाही, असं पत्र आलं. मुलींनी काय गुन्हा केला होता, ते पत्रात नव्हतं.

डेल्सीने त्याचं ऑपरेशन करून घेतलं. आता तो मेहुण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो, आणि जिना सरळ उतरतो.

बंदीला वर्ष झालं तेव्हा संघटनेने त्याला तरुण खेळाडूंच्या व्यसनमुक्ती शिबिरात बोलायला बोलावलं. एवढं मात्र नियमात बसत होतं. मी म्हणालो, जाऊ नको, तुझा नमुना करून मिरवतील. तो गेला. मीही गेलो. गांजा ओढू नका, एवढं सांगून त्याने पँट वर केली आणि गुडघ्यावरचा व्रण दाखवला.

"आणि गुडघा बधिर करून खेळू नका. दुखतं ते काहीतरी सांगण्यासाठीच दुखतं."

आयोजक घाईने पुढे आला. वेळ संपली म्हणाला. घड्याळात वीस मिनिटं बाकी होती. माइक काढून घेतल्यावर कॉस्मे तसाच, मोठ्या आवाजात, पुढे बोलत राहिला. मुलं हलली नाहीत.

त्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही. मात्र पंधरा दिवसांनी, रविवारच्या चर्चमधल्या मिसनंतर, एक मोटरसायकल त्याच्या दारात थांबली. कॉस्मेच्या जागी आता खेळणारा सॅविओ मडगावाहून आला होता, एमआरआयचा लिफाफा घेऊन. कॉस्मेने त्याला खुर्ची दिली. डेल्सीने फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "माका पयला सांग, आतापर्यंत सुयो किती झाल्यो?"