अकराचं ऊन

नोएडातलं हे घर आम्ही जूनमध्ये बघितलं, तिथेच सगळं फसलं. बाहेर नुसती भट्टी आणि या दोन खोल्या गारेगार. हे इतके खूश झाले की विचारू नका. "ऊन फिरकतसुद्धा नाही इथे," म्हणाले. तीस वर्षं दिल्लीत सरकारी क्वार्टरमध्ये काढलेली. तिथे हिवाळ्यात पुढच्या हिरवळीवर चटई टाकली की दिवसभर ऊन फुकट. ते घराबरोबर विकत घ्यावं लागतं हे कुणाच्या डोक्यात येणार? हिवाळ्यात ऊन येणारे दक्षिणेकडचे फ्लॅट महाग का, ते डिसेंबरात कळलं. तोवर फंड संपला होता, आणि पेन्शनमध्ये घर बदलता येत नाही.

मी काही गप्प बसणारी नाही. गुडघे आखडले तसं माझं तोंड सुटलं. हीटर लावायचा तर बिलाची धास्ती. "आयुष्यभर फायली वाचल्यात ना, मग एवढं घर नीट बघता आलं नाही?" असं रोज काहीतरी.

मागच्या हिवाळ्यात मात्र नवल झालं. सकाळी अकराच्या सुमारास समोरच्या टॉवरमधल्या कुठल्याशा काचेवरून उलटून ऊन आमच्या खोलीत आलं. सतरंजीएवढा तुकडा. वीसेक मिनिटं थांबलं आणि गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग रोजच. मी त्यात पाय पसरून मटार सोलायला बसायची आणि हात तसेच राहायचे. डोळे मिटले की जुनी हिरवळ, दोरीवरची चादर, शेजारणीचा लांबून येणारा रेडिओ. आपण कुठल्या वर्षात बसलोय तेच कळायचं नाही. हे नेमके तेव्हा घरात नसायचे. खर्च कमी करायला पेपर बंद केला होता, म्हणून सोसायटीच्या वाचनालयात जायचे. "तुमच्या नशिबात ऊनसुद्धा नाही," मी चिडवायची.

जानेवारीत ह्यांना ताप भरला. दोन दिवस आकाश लख्ख, तरी ऊन आलं नाही. तिसऱ्या दिवशी इंटरकॉम वाजला. समोरच्या टॉवरमधल्या, पाचव्या मजल्यावरच्या एक पंजाबी आजी होत्या.

"बहनजी, भाईसाहब ठीक हैं? दो दिन से आए नहीं. बाल्कनी के दरवाज़े में ईंट कहाँ लगाते हैं, बता दीजिए, मैं लगा दूँगी."

मला काही कळेना. मग त्यांनीच सांगितलं. हे रोज साडेदहाला त्यांच्याकडे जायचे, बाल्कनीचं काचेचं दार थोडं उघडून विटेने अडवायचे, आणि ऊन आमच्या खिडकीत पडेपर्यंत ते मागेपुढे करायचे. मग ऊन हलेल तशी वीट सरकवत वीस मिनिटं तिथेच थांबायचे. प्रमोशनसाठीसुद्धा ज्यांनी कधी कुणाकडे शब्द टाकला नाही, ते माझ्यासाठी अनोळखी दाराची बेल वाजवून आले होते. मला रडू आलं.

हे पांघरुणात डोळे मिटून पडले होते. ह्यांचं झोपेचं सोंग मला कळतं.

"अहो, वीट कुठे लावायची विचारतायत."

"कठड्यापासून तिसरी फरशी," हे तसेच म्हणाले.

थोड्या वेळाने ऊन आलं. मी खुर्ची ओढून त्यात ठेवली, ह्यांना शाल गुंडाळून बसवलं आणि स्वतः शेजारी टेकले. मग इतकी वर्षं न सांगितलेलं सांगून टाकलं, की जूनमध्ये हे घर बघून मीही तेवढीच खूश झाले होते.