गाळलेली पानं

आमच्या वाचनालयाच्या खिडकीशी दुपारी एक आजी हेडफोन लावून पुस्तक ऐकत बसतात. दृष्टी गेली आहे त्यांची. तरी मांडीवर कुठलंसं पुस्तक उघडं लागतंच, आणि ऐकता ऐकता बोट जिभेला लावून त्या पान उलटतात. पाहत राहिलं की वाटतं, खिडकीतलं ऊनही त्यांच्यासोबत सावकाश पुढच्या ओळीवर सरकतंय.

ही ऐकायची पुस्तकं आणायचं ठरलं, तेव्हा समितीत मी एकटा विरोधात होतो. "वाचनालय आहे हे, भजनी मंडळ नव्हे," म्हणालो. सगळे हसले. खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही.

आईचे डोळे गेल्यावर मी तिला रोज वाचून दाखवायचो. लवकर सुटावं म्हणून मधली दोन-तीन पानं गाळायचो. पुस्तकं तिची आवडती, कितीदा वाचलेली. तिला कळत असणारच. ती एवढंच म्हणायची, "दमलास रे. राहू दे आता."

यंत्रातला तो आवाज दमत नाही, एक ओळही सोडत नाही. माझा राग त्यावरच होता.

काल आजींनी हाक मारली, "अहो, डुलकी लागली बघा. जरा मागे न्या हे."

"कुठपर्यंत?"

"झोपलेल्या माणसाला विचारताय होय! पहिल्यापासूनच लावा. मला कुठे घाई आहे?"

मी लावून दिलं आणि शेजारी बसून राहिलो. आईपाशी बसताना मला घाई असायची. कशाची, ते आता काही केल्या आठवत नाही.