बोरसेभाऊंनी पाहिलेला हंस

हेमराज बोरसे यांच्याबरोबर पक्षी बघायला जायचं म्हणजे चौकीत जबाब द्यायला गेल्यासारखं वाटायचं. तुम्ही हरखून म्हणावं, "भाऊ, तो बघा गरुड!" की यांचे प्रश्न सुरू. किती लांब होता? ऊन कुठल्या बाजूने होतं? चोच पाहिली? पायांचा रंग काय होता? पायांपाशी बहुतेकांची दांडी उडायची. मग ते मान हलवून म्हणायचे, "मग पाहिला नाही असं समजा." झालं. तुमचा गरुड गेला.

मी सुलभा. लिंबायतच्या मराठी शाळेत शिकवून निवृत्त झाले. मला पक्ष्यांचं वेडबिड काही नाही. रक्तातली साखर वाढली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि लिंबायतच्या रस्त्यावर चालायचं तर रिक्षा अंगावर येतात. म्हणून मी यांच्या रविवारच्या टोळीत शिरले. टोळी म्हणजे तरी कोण? बोरसेभाऊ, कापडाचं दुकान मुलाच्या गळ्यात घालून मोकळे झालेले भाईदास, फिजिओथेरपीचा दवाखाना चालवणारी नेहा आणि मी. पूर्वी बरेच जण यायचे म्हणे. जागा कमी होत गेल्या तशी माणसंही गळत गेली.

भाऊ मूळचे शिंदखेड्याकडचे. वडील इथे, या गुजराती मुलखात, कापडाच्या लूमवर कामाला आले आणि सगळं बिऱ्हाड मागोमाग आलं. भाऊंना वीज कंपनीत मीटर वाचायची नोकरी लागली ती त्यांनी शेवटपर्यंत केली. घराला कुलूप असलं की बाकीचे लोक मागचा आकडा बघून अंदाजाने नवा टाकायचे. भाऊ संध्याकाळी पुन्हा जायचे. तरी कुलूप असलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी. साहेब वैतागायचे, सोबतचे चिडवायचे, पण जे डोळ्यांनी वाचलं नाही ते लिहायचं नाही यावर हा माणूस अडून बसलेला. खांबाखाली उभं राहून वर बघायची सवय लागली आणि त्या खांबावर बसलेलं पाखरू दिसायला लागलं, एवढीच त्यांच्या छंदाची गोष्ट. त्यांच्या बायकोला, मालतीबाईंना, त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. "आख्खी जिनगी लोकसना मीटर वाचात, आते पाखरंसना वाची ऱ्हायनात," असं त्या माझ्यासमोर चहा ठेवता ठेवता म्हणायच्या.

आमचे रविवार हल्ली पक्ष्यांपेक्षा वॉचमन बघण्यात जायचे. सचिन गावाकडे ओढ्याकाठी एक पाणथळ होतं, तिथे पत्र्याची गोदामं उभी राहिली. दुसऱ्या एका जागेला भिंत आली आणि भिंतीवर काचा आल्या. मग आम्ही फाटकाबाहेर उभं राहून आत डोकवायचो आणि आतला माणूस विचारायचा, "किसका आदमी है?" याला काय उत्तर द्यायचं? आम्ही कोणाचीच माणसं नव्हतो. दर रविवारी नव्या माणसाला पहिल्यापासून समजावून सांगायचं, की आम्हाला जमीन नको, माती नको, फक्त बघायचंय. ते त्याला पटायचं नाही, आणि खरं सांगते, सांगून सांगून शेवटी मलाही पटेनासं झालं होतं.

बरं, आत सोडलं तरी आमच्यात एका नावावर एकमत नाही. चपट्या चोचीचा पांढरा पक्षी दिसला की भाईदास म्हणणार चमचो, नेहा म्हणणार स्पूनबिल, भाऊ म्हणणार चमच्या. लांब लाल पायांचा शेकाट्या भाईदासांना गजपांव. नेहाच्या पुस्तकातली इंग्रजी नावं तर नवी आवृत्ती निघाली की बदलतात, आणि त्यावरून ती आणि भाईदास गाडीत तावातावाने भांडतात. "आमचं नाव आजोबांपासून तेच आहे," हे भाईदासांचं ठरलेलं वाक्य. भाऊ मध्ये पडत नसत. फार झालं की म्हणत, "नाव काही म्हणा, पाहिलात का तेवढं सांगा."

आमच्याकडे शेवटी उरलं होतं ते उसामागचं तळं. चलथाणच्या अलीकडे, उसाच्या शेताच्या मागे. ऊस कधीच गेला, शेत विकलं गेलं, तिथे पत्रे ठोकून 'लवकरच येत आहे'ची पाटी लागली, पण आमच्या तोंडी तळ्याचं नाव तेच राहिलं. एका बाजूने राडारोड्याची भरणी सुरू झालेली. नेहाने सरकारी कचेरीत अर्ज दिला होता. तिथे तिला कळलं, की जमीन खाजगी आहे आणि कागदावर तळं नाहीच.

आणि जुलैत त्याच तळ्यात भाऊंना कमळपक्षी अंड्यांवर बसलेला दिसला. लांब शेपटीचा, मानेवर सोनेरी पट्टा, कमळाच्या पानांवरून चालणारा. या पक्ष्यात मादी अंडी घालून निघून जाते. नर अंडी उबवतो आणि पिलांनाही तोच वाढवतो. आमच्या बाजूला कितीतरी वर्षांत याचं घरटं कोणी पाहिलं नव्हतं. भाऊंनी दुर्बीण माझ्या हातात दिली. मला पान दिसलं, पानावर पक्षी दिसला, आणि त्याच्या मागे रिकामा होणारा डंपर दिसला. भरणी त्याच बाजूला सरकत होती. पिलं उडायला दोनेक महिने लागणार आणि डंपर काही तेवढे थांबणार नव्हते.

म्हणून भाऊ स्वतःहून तिथे होऊ घातलेल्या सोसायटीच्या विक्री कार्यालयात गेले. आम्ही मागोमाग. तिथे पल्लवी नावाची चुणचुणीत बाई बसली होती, मालकांची सून. वाईट बाई नव्हती, हे मी आधीच सांगून टाकते. तिने पुदिन्याचा चहा मागवला, सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकदम खूश झाली. तिला म्हणे असेच लोक हवे होते. सोसायटीच्या इमारतींना पक्ष्यांची नावं द्यायची ठरली होती.

"अंकल, तुम्हीच सांगा ना नावं."

भाऊंनी सांगितली. जी पाखरं त्या तळ्यावर पाहिली होती तीच. टिटवी. नकटा. ढोक. चमच्या. पाणकावळा.

पल्लवीने हसू दाबलं. "अंकल, एड्रेसमां लोको शुं लखशे? नकटो, चारसो बे?"

पत्त्यात 'नकटा, ४०२' लिहायचं म्हटल्यावर आम्हालाही हसू आलं, भाऊंना सोडून. तिने टॅबवर तिची यादी दाखवली. मोर, मैना, बुलबुल, आणि सगळ्यात आधी हंस. फाटकावर सिमेंटची हंसांची जोडी बसणार होती, चित्र तयार होतं. अडचण एकच, गिऱ्हाईक आजकाल फार चौकस झालंय. इथे कधी हंस होते का, असं कोणीतरी विचारणारच. तेव्हा अंकलनी एवढंच म्हणायचं, की होते, मी पाहिलेत. खाली अंकलचा फोटो, नाव. "तुम्हारी बात पर भरोसा होगा," ती म्हणाली. बदल्यात कमळांच्या बाजूची भरणी नवरात्रापर्यंत बंद, आणि रविवारी फाटक आमच्यासाठी उघडं.

भाईदासांना राहवलं नाही. ते मदतीला धावले. "हेमराजभाई, राजहंस तो आवे छे ने. मोठ्या तलावावर हिवाळ्यात येतात. आपण त्याला हंस म्हटलं तर खोटं थोडंच?"

"तो करडा असतो, त्यांच्या चित्रातला पांढरा आहे," भाऊ म्हणाले. "आणि या तळ्यावर मी तोही पाहिलेला नाही."

मला वाटलं, संपलं. आता ते उठणार. त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला, रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाले, "हंस होते. मी पाहिलेत. लिहा."

नेहा ताडकन उठून बाहेर गेली. गाडीपाशी तिने त्यांना गाठलं. "काका, माझा ससाणा तुम्ही यादीतून खोडून टाकलात. पाय पाहिले नाहीत म्हणून. मी रडले होते त्या दिवशी."

"हो."

"आणि हंस?"

"अंडी अजून फुटायचीयत, बाळा," भाऊ म्हणाले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

पल्लवीने शब्द पाळला. डंपर त्या बाजूला थांबले. रविवारी वॉचमन आम्हाला सलाम ठोकायचा, आणि त्या सलामाने मला अवघडल्यासारखं व्हायचं. अंडी फुटली. काडीच्या पायांची पिलं पानांवर पळायला लागली. एक पुढच्या रविवारी दिसलं नाही. मी म्हटलं, घारीने नेलं असेल. भाऊ म्हणाले, "नेताना पाहिलं का? नाही ना? मग दिसलं नाही एवढंच म्हणा." बाकीची वाढत होती. बाप त्यांच्या मागेपुढे करत होता. नेहासुद्धा राग विसरून तासन्‌तास बघत बसायची.

इकडे लिंबायतमध्ये रिक्षांच्या पाठीवर जाहिरात झळकली. पांढराशुभ्र हंस, त्याच्या शेजारी निवृत्तीच्या समारंभातला भाऊंचा फोटो, खाली गुजरातीत त्यांचं नाव आणि 'मी इथे हंस पाहिलेत'. ज्या गल्ल्यांतून हा माणूस खोटा आकडा न टाकता फिरला त्याच गल्ल्यांतून तो आता हंसाबरोबर फिरत होता. ओळखीचे लोक हाका मारायचे, "काय बोरसेभाऊ, आता मोठे झालात!" मालतीबाईंनी तर भाजी घेऊन येताना रिक्षा थांबवून बघितली आणि घरी येऊन विचारलं, "हाऊ बगळा तुम्ही कव्हय देखा?" भाऊ भाजीची पिशवी उचलून आत गेले. ते मालतीबाईंशी कधी खोटं बोलले नव्हते आणि खरं सांगायची ताकद नव्हती. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

नवरात्राच्या तोंडावरच्या रविवारी तळ्यावर गेलो तर पानं रिकामी. बाप नाही, पिलं नाहीत.

"ऊडी गयां!" भाईदासांनी टाळी वाजवली. "जिंकलो आपण, हेमराजभाई! पेढे द्या."

भाऊंनी सगळं तळं दुर्बिणीतून बघितलं. मग पुन्हा पहिल्यापासून बघितलं. आम्ही फाटकाशी जाऊन त्यांची वाट बघत बसलो.

"उडाली ना, काका?" नेहाने विचारलं.

"पानं रिकामी आहेत."

"म्हणजे उडालीच असणार."

"उडताना पाहिलं नाही," ते म्हणाले.

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. अहो, ज्याच्यासाठी एवढं केलंत ते पदरात पडलं एवढं तरी म्हणा! एक हंस आयुष्यात खपवलात, ही पिलं खपवा की. पण ते जमणारं माणूस असतं तर रडायचं कशाला? पुढच्या आठवड्यात भरणी पुरी झाली. त्या जागी आता सपाट माती आहे आणि फाटकावर सिमेंटची जोडी बसली आहे.

हिवाळ्यात आम्ही कालव्याच्या रस्त्यावर जायला लागलो. रस्ता सरकारी, कोणी अडवत नाही. साखर कारखाना चालू होता, हवेत मळीचा वास, उसाच्या गाड्यांची धूळ. पक्षी बेताचेच. भाऊ येत, पण दुर्बीण बहुतेक वेळ पिशवीतच असायची. घरी बसून काय करायचं म्हणून आल्यासारखे आम्ही येत होतो.

त्या दिवशी भाईदास पुढे गेले होते. तिथून ते ओरडत, धापा टाकत आले. "गरुड! हेमराजभाई, गरुड! कालव्यापलीकडच्या बाभळीवर! आत्ता उडाला!" आणि ते छाती पुढे काढून भाऊंसमोर उभे राहिले. त्यांना प्रश्न हवे होते. इतकी वर्षं त्या प्रश्नांपुढे हरण्यातच त्यांची गंमत होती, हे मला त्या क्षणी कळलं.

भाऊ म्हणाले, "तुम्ही म्हणताय तर असेल."

भाईदासांचा चेहरा उतरला. "अरे हेमराजभाई, पूछो तो खरा!"

"मी काय विचारणार, भाईदास? कुठल्या तोंडाने?" एवढं बोलून भाऊ रस्त्याकडेच्या दगडावर बसले.

नेहा दुसरीकडे बघायला लागली. भाईदास कावरेबावरे होऊन टोपी काढून हातात फिरवत राहिले. मला त्या सिमेंटच्या हंसांचा असा संताप आला, की वाटलं जाऊन दगड घालावा. पण मी पडले शाळामास्तरीण. मला दगड मारता येत नाही, प्रश्न विचारता येतात.

"भाईदास, इकडे बघा," मी म्हटलं. "किती लांब होता?"

ते चमकले. मग सावरून म्हणाले, "ते झाड आहे ना, तेवढा."

"ऊन कुठल्या बाजूने होतं?"

"माझ्या पाठीमागून."

"चोच पाहिली?"

"पाहिली! वाकडी, मोठी!"

मी थांबले. खरं तर पुढचं मला पाठ होतं. तरी थांबले. उसाची एक गाडी करकरत गेली, धूळ उडाली, ती खाली बसली.

"पाय राहिले, ताई," दगडावरून भाऊंचा आवाज आला. "पायांचा रंग विचारा."

"पायांचा रंग काय होता?" मी विचारलं.

भाईदासांनी टोपी डोक्यावर घातली. "पग तो नथी जोया. पाय नाही पाहिले," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी हसू आलं.

"मग पाहिला नाही असं समजा," मी म्हणाले, आणि बोरसेभाऊंनी मान हलवली.