भांडणाविना डाव

पंचकाका दुपारी पडवीत झोपले की त्यांचे पाय खेळायचे. डावा जरा सरकायचा, मागोमाग उजवा. काकू मला हळूच सांगायच्या, "उठवू नको गो, पाटी सुटात."

आट्यापाट्यांत पाटी राखणारा आखलेली रेघ सोडत नाही. पलीकडे पळू पाहणाऱ्याला तिथूनच हात लावून बाद करतो. काकांनी तरुणपणी पाटी राखली, मग गावच्या मंडळाचे पंच झाले, चिटणीसही. भातकापणी झाली की मळ्यात राखेच्या रेघा स्वतः ओढायचे. ऊन उतरलं की त्या रेघा जमिनीपासून बोटभर वर तरंगल्यासारख्या दिसत. बघत बसायचा माझा स्वभाव नाही, तरी त्या मी बघायचे.

काकांच्या प्रत्येक निकालावर भांडण व्हायचं. मीही भांडले आहे. ते सगळं ऐकून घेत आणि निकाल तोच ठेवत. "भांडतत म्हणजे खेळतत," म्हणायचे. "गप रवले तर समजायचा, मनातून घराक गेले."

आता चिटणीस मी आहे. काकांची नजर गेल्यावर यंदा शिटी सोडा, हे सांगायचं कामही माझ्याकडेच आलं. ते म्हणाले, "एक डाव माका दी गो. मगे बघूया." दिला.

कट्टा गावच्या मुली खेळायला आल्या होत्या. त्यांच्यातली एक मुलगी पाटी ओलांडून गेली. आमच्या मुलीचा हात तिच्यापासून वीतभर लांब राहिला. काकांनी शिटी मारली. "बाद!"

ती थबकली, तिने काकांकडे बघितलं आणि ती निमूट बाहेर जाऊन बसली. तिची कर्णधार गप्प. आमच्या मुलींच्या माना खाली. माडांची सळसळ तेवढी ऐकू येत होती.

काका वाट बघत राहिले. "कोणच काय बोलणा नाय?"

"नाय काका," बाद झालेली म्हणाली. "तुमी सांगितलास ना."

काकांनी शिटी गळ्यातून काढून माझ्या हातात दिली. "ह्या चेडवाक परत घे. ता बाद नाय होता."

"तुमका दिसला?"

"नाय. ऐकाक इला."

ते बांधावर जाऊन बसले. पुढच्याच खेळीत मी त्याच मुलीला बाद दिलं. ती कमरेवर हात ठेवून अंगावर आली. "ताये, डोळे फुटले काय गो तुझे?" मागोमाग तिचा सगळा संघ. मी निकाल बदलला नाही. काकांनी थोडा वेळ ऐकलं, आवाज चांगलाच चढल्यावर उठले आणि निवांत घराकडे चालू लागले.