गुणाबाईच्या गाडीतला पिवळा दिवा

गुणाबाई नाखवा पनवेलच्या बाजारात मासळी घेऊन बसली की गिऱ्हाइकाने पापलेटला हात लावायच्या आत त्याचं गाव, त्याचा पगार आणि त्याच्या घरात सासूचं चालतं की सुनेचं, हे ओळखायची. अशी ही बाई २०१३ साली सहा महिने एका पिवळ्या दिव्यापुढे हात टेकून बसली होती.

दिवा होता तिच्या गाडीतला. गाडी डिझेलवरची, नऊ-दहा वर्षांची, पोर्टातल्या कुणा साहेबाने वापरून सोडलेली. ती घेतली तेव्हा गुणाबाई सेहेचाळीस वर्षांची होती आणि तोवर तिने सायकलसुद्धा चालवली नव्हती. सुकापूरच्या मोकळ्या प्लॉटवर ती गाडी शिकली. तिच्या या शिक्षणापायी दोन कुंपणं आणि एक शेवग्याचं झाड कामी आलं, पण बाई शिकली. मागची सीट तिने काढून टाकली. पहाटे करंज्याच्या बंदरावर जाऊन लिलावात मासळी घ्यायची, बर्फाचे क्रेट मागे रचायचे आणि जासईच्या ट्रेलरवाल्यांना त्यांच्या खानदानासकट आठवत पनवेल गाठायचं, असा तिचा दिनक्रम झाला. त्याआधी ती टेम्पोने यायची. टेम्पोवाला महाराज त्यांच्या मर्जीने उठायचे, त्यांच्या मर्जीने चहा घ्यायचे आणि बाई बाजारात पोचेपर्यंत चांगली गिऱ्हाइकं घरी जाऊन कालवण उकळत असायची. गाडी आली आणि ती कुणाची मिंधी राहिली नाही.

आणि आता हा दिवा. मध्येच इंजिनाचं चित्र पिवळं पेटायचं, गाडीचा दम जायचा, आणि गुणाबाई बर्फ वितळायच्या वेगाने पनवेलकडे सरकायची. मग कधीतरी दिवा आपसूक विझायचा, जसं काही झालंच नाही.

तिचा मुलगा मिथुन जासईला कंटेनर यार्डाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचा. त्यामुळे अर्थातच त्याला जगातल्या सगळ्या यंत्रांचं कळायचं. पाचव्या महिन्यात त्याने बॉनेट न उघडताच निकाल दिला.

"आई, गाडी एक्स्पायर झालीय. महिनाभर बघ, नाहीतर मी पार्टी आणतो. विकून टाकू. तू आता घरी बस, आराम कर."

"आराम?" गुणाबाई म्हणाली. "मना काय झालंय आराम करायला? आजारी गारी हाय, मी नाय."

पण महिना ठरला तो ठरला. गाडी गेली की पुन्हा टेम्पो, नाहीतर सुकापूरच्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर बसून भाजी निवडणं. 

पहिल्यांदा ती कळंबोलीच्या एका एसी गॅरेजात गेली होती, थेट बाजारातून. तिथल्या टाय लावलेल्या मुलाने दार उघडलं, नाकाला रुमाल लावला आणि विचारलं, "मॅडम, आत काय मेलंय का?" भर बाजारात चार माणसांना पुरून उरणारी गुणाबाई त्या गुळगुळीत फरशीवर दोन पावलं मागे सरली. आत मासळी होती हेसुद्धा तिने सांगितलं नाही.

त्या दिवसापासून गाडी दाखवायची म्हणजे एक सोहळाच झाला. सोमवार, गुरुवार, शनिवार लोक मासळी खात नाहीत, बाजार थंड. त्यामुळे गॅरेजचे वार तेच. आदल्या संध्याकाळी क्रेट काढायचे, पाइप लावून गाडी आतून धुवायची, लिंबाचं फिनेल ओतायचं, सकाळी चारही दारं उघडून उन्हात वाळवायची, वर दोन उदबत्त्या. मग दुपारी गाडी नव्या नवरीसारखी गॅरेजात जायची आणि दिवा काही केल्या पेटायचा नाही. तज्ज्ञ मंडळी मशीन जोडायची. मशीन दर वेळी कुठला तरी जुना साठलेला दोष दाखवायचं, तज्ज्ञ दर वेळी नवा भाग बदलायचे, आणि दर वेळी म्हणायचे, "आता गॅरंटी." ती गॅरंटी पुढच्या रविवारी जासईच्या पुलाखाली संपायची.

शेवटी कुणीतरी तिला उरण नाक्याजवळच्या तुळशीराम घरतकडे धाडलं. हा गृहस्थ तीस वर्षं होड्यांची आणि ट्रकची इंजिनं उघडत आला होता. त्याचा स्वभाव इतका गोड की गिऱ्हाइकं गाडी ठेवून लांब जाऊन उभी राहत. त्याने सोमवारी गाडी पळस्प्यापर्यंत पळवून आणली. दिवा नाही. गुरुवारी पुन्हा पळवली. दिवा नाही. पुढच्या सोमवारी त्याने किल्ली तिच्या हातावर आपटली.

"बाय, एक त तुजा दिवा मना घाबरतो, नायतर तू खोटं बोलतस."

"मी कशाला खोटं बोलू? काल रविवारी पेटला. शुक्रवारी पेटला. बुधवारी दोन येला पेटला."

तुळशीरामने बोटांवर वार मोजले. "आनि माज्याकडं येतस कंदी? सोमवार, गुरुवार. मासलीच्या वारी गारीत काय भरतस?"

"सामान," गुणाबाई रस्त्याकडे बघत म्हणाली.

"कसला सामान? गारीला येवढा लिंबाचा वास येतंय, गारी हाय का लोनच्याची बरनी?" तो पुढे झुकला. "नाखव्यांची ना तू? मंग मासली बोलायला लाजतस कशाला? आयक. या शुक्रवारी धुवायची नाय. बाजार उरकला का तशीच हितं आन."

शुक्रवारी दुपारी ती आली तेव्हा गाडीतून पाणी ठिबकत होतं, माश्या पाहुण्यांसारख्या आत-बाहेर करत होत्या, क्रेटच्या फटीतून एका बांगड्याचं शेपूट बाहेर आलं होतं, आणि समोर पिवळा दिवा दिमाखात पेटलेला होता. गुणाबाईने ते शेपूट घाईघाईने आत ढकललं. तुळशीरामने नाकाला रुमाल लावला नाही. तो सरळ पुढच्या सीटखाली आडवा झाला, गालिचा उचकटला आणि हात आत घातला. हात ओला बाहेर आला. त्याने बोट जिभेला लावलं.

"समुद्र हाय ह्यो," तो म्हणाला.

वितळलेल्या बर्फाचं खारं पाणी ब्रेक लागला की पुढे धावायचं आणि गालिच्याखालून इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या तारांच्या जोडात शिरायचं. तांब्यावर हिरवा गंज चढला होता. गोड्या पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून आणली की मीठ जायचं, ओल जायची, आणि दिवा कुठे गेला म्हणून शहाणी माणसं यंत्राला विचारत बसायची. तुळशीरामने जोड साफ केला, वर उचलून बांधला, क्रेटखाली ताडपत्री घालायला सांगितली. पाऊण तासाचं काम.

गुणाबाई बाकड्यावर बसून बघत होती. तिला टायवाल्याचा राग आला नाही. तिला स्वतःचा राग आला. सहा महिने चोर तिनेच धुऊन पुसून लपवला होता.

रविवारी बाजार दणकून झाला. दिवा एकदाही पेटला नाही. दुपारी ती घरी आली आणि तिने मिथुनला बातमी सांगितली.

"पेटला नाही?" मिथुन खूश झाला. "मग तर बेस्टच! पार्टी आत्ता येतेय चार वाजता. भाव चांगला येईल."

गुणाबाईला वाटलं, पोराने ऐकलंच नसावं. "अरे, गारी बरी झाली. आता कशाला विकतस?"

मिथुनने खिडकीतून खाली पार्किंगकडे पाहिलं. "आई, तसं नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला होता. वास येतो म्हणतात. खालच्या मजल्यावरचे तर बोलले, इथं काय मच्छीमार्केट आहे का."

"कंदी निघाला?"

"झाले... सहा-सात महिने."

गुणाबाई खुर्चीवर बसली. दिव्याचं तर तिने पाऊण तासात निस्तरून घेतलं होतं. हे दुसरं दुखणं इतके दिवस घरातच, जेवणाच्या टेबलाशी बसत होतं.

"तू व्हतास ना मीटिंगला?"

"होतो."

"मंग तू काय बोललास?"

मिथुनने मोबाइल काढला आणि तो त्यात काहीतरी शोधू लागला.   तो शोधत होता तेवढ्या वेळात तिने बाजारात अर्धी टोपली विकली असती. मग बेल वाजली. दारात इस्त्रीच्या शर्टातली पार्टी उभी होती.

"गारी विकायची नाय," गुणाबाई म्हणाली. "पापलेट पायजे त बुधवारी बाजारात ये. ताजं देईन."

तिने दार लावलं. मिथुनने मान वर केली नव्हती.

"पुढची मीटिंग कंदी हाय?" तिने विचारलं. "तू जाऊ नको. मी जातंय."