दोन्ही बाजूंना य

वर्गात फळ्यावर समीकरण लिहीत होते, तेव्हा शिपाई तार घेऊन आला. मामंजी गेले. सासऱ्यांसाठी सुनेने एवढं रडावं याचं शाळेत सगळ्यांना नवल वाटलं... पण मी त्या फळ्यापाशी उभी होते ती त्यांच्यामुळेच.

लग्न होऊन रत्नागिरीला आले तेव्हा शिक्षण अर्धवट सुटलं होतं आणि माहेरच्या यमुनेची मी इंदिरा झाले होते. आमचे 'हे' मुंबईला नोकरीत. मामंजी हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. सुनेला मॅट्रिक करायचंच, हे त्यांनीच मनावर घेतलं. रोज दुपारी ओटीवर पाटी घेऊन बसायचं. बाकी सगळं जमे, बीजगणितात मात्र घोडं अडे. दोन मोठ्या टोपल्या, तीन लहान, मिळून नारळ एकोणीस. मोठीत लहानीपेक्षा दोन जास्त. क्ष − य = २, इथवर ठीक. पुढे मी लिहिलं, क्ष = २ − य. उत्तर आलं, मोठ्या टोपलीत उणे तेरा नारळ! मामंजी पोट धरून हसले.

"अगो, बरोबरचं चिन्ह म्हणजे उंबरठा. ओलांडला की चिन्ह बदलायचं. तुझं नाव नाही का बदललं?"

"बदललं... पण मला विचारलं कुणी?"

बोलून गेले आणि जीभ चावली. सासऱ्यांना असं उलट बोलायचे ते दिवस नव्हते. मामंजींनी पाटी स्वतःकडे ओढली. मग पाटी पुसून म्हणाले, "मग कुणाला पलीकडे धाडायचंच नको. दोन्ही बाजूंना य मिळवू."

क्ष − य + य = २ + य. डावीकडचे दोन्ही य त्यांनी बारीक रेघेने खोडले, वाचता येतील असे. "गेलं ते दिसायला हवं हो," म्हणाले. मोठ्या टोपलीत पाच नारळ आले, लहानीत तीन. उठताना त्यांनी हाक मारली, "यमू, जरा चहा टाक." चुलीपाशी जाऊन मी पोटभर रडले.

मॅट्रिकच्या अर्जावर नावाची जागा त्यांनी कोरी ठेवली. "तुझं तू लिही." मी यमुना लिहिलं. त्यावरून कुजबुजणाऱ्यांना त्यांनी परस्पर वाटेला लावलं. मी पास झाले, शिक्षिका झाले. एवढं माझ्यासाठी माझ्या वडिलांनीही केलं नव्हतं.

दिवसकार्य आटोपल्यावर ओटीवर गेले. पाटी खुंटीला तशीच होती. शेजारच्या मुलीला शिकवत असावेत. तेच समीकरण, तीच बारीक रेघ. घरात मला यमू म्हणणारं आता कुणी नाही. निघताना सगळ्यांना बजावून आले, पाटी पुसू नका.