चेकवर कुंकू

भिवापूरच्या स्टेशनवर मला पोचवायला अख्खं गाव लोटलं होतं, असं मी आजवर शंभर ठिकाणी सांगितलं आहे. खरं म्हणाल तर अकरा माणसं होती आणि त्यातली चार दुसऱ्याच कुणाला तरी उतरवून घ्यायला आलेली. पण आईनं रडताना असा काही सूर लावला की बाकीच्या गावाची कसर तिनं एकटीनं भरून काढली. बाबा रडले नाहीत. छोट्या लाईनच्या डब्याची खिडकी धरून ते एवढंच म्हणाले, "एक साल देतो गा तुले. परीक्षेले बसला तं ठीक. नाही बसला तं वापस ये. मिरच्या खुडाले माणूस पाहिजेच हाये."

छोटी लाईन म्हणजे काय, हे तुम्हा जुन्यांना सांगायला नको. नव्यांसाठी सांगतो: एका शेंगावालीनं माझ्याकडून पैसे घेतले, गाडी सुटली, तिनं खाली चालत चालत दुसऱ्या डब्यातून मोड आणली आणि पुढच्या वळणावर माझ्या हातात ठेवली. शिवाय आईनं बांधून दिलेल्या गाठोड्यात आपली भिवापुरी मिरची. उमरेड येईस्तोवर सगळा डबा शिंकत होता, आणि तिकीट तपासणारा डोळे पुसत न तपासताच उतरून गेला.

असा मी नागपुरात आलो. दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती, पाट्यांवर अजून मध्यप्रांत होता. मॅट्रिक झालेली पोरं मास्तर व्हायची, फार तर वकिलीची वाट धरायची. मी इंटरला कॉमर्स घेतलं. गावात कुणी विचारलं की पोट्टा काय शिकून राहिला, तर बाबा सांगत, "पैशाचं शिकून राहिला." ऐकणारा हसे. पैसा काय शिकायची गोष्ट आहे?

मलाही तसंच वाटायचं. पण पहिल्याच आठवड्यात विम्याचा तास झाला, आणि समुद्रात जहाज बुडालं तरी मालकाच्या हातात पैसे पडतात, हे ऐकून मी भर वर्गात उठून विचारलं, "सर, पावसात मिरची भिजली तर?" सर म्हणाले, "तेवढं अजून कुणी तुमच्या गावापर्यंत पोचवलेलं नाही." वर्ग हसला. माझे पाय मात्र दिवसभर जमिनीवर नव्हते. जगात असंही काही असू शकतं!

मग सर आम्हाला सदर भागातली एक बँक दाखवायला घेऊन गेले. मी दारात वहाणा काढल्या. फरशी अशी की तीत माझी टोपी उलटी दिसत होती. एवढी माणसं, पण आवाज फक्त पंख्याचा. एकानं खिडकीत कागदाचा कपटा सरकवला, कारकुनानं त्याला पितळी बिल्ला दिला. थोड्या वेळानं बिल्ल्याचा नंबर पुकारला आणि कपट्याच्या नोटा झाल्या. ना ओळख, ना घासाघीस, ना साक्षीदार. देणारा माणूस तिथं हजरसुद्धा नव्हता. फक्त त्याची सही होती. देवळात नवस बोलून वर्ष वर्ष वाट पाहणारे आम्ही लोक. मला हात जोडावेसे वाटले, आणि सरांची पाठ वळल्यावर मी ते जोडलेही.

त्याच दिवशी घरी पत्र लिहिलं. आता माझा हात लिहायला लागला की थांबत नाही, हा माझा जन्माचा दोष. मी लिहिलं, "आई, चेक म्हणजे साक्षात लक्ष्मी. कागदावर बसून येते. सही असते तिथं तिचं आसन."

पुढं परीक्षेचा फॉर्म भरायचे दिवस आले. फी भरायची शेवटची तारीख शुक्रवारची. सोबतची पोरं माझ्याइतकीच कडकी. बाबांनी नागपुरात इतवारी बाजारातल्या अडत्याला मिरची विकली होती. त्याचा मुनीम हिशेब करायला गावात आला, तेव्हा बाबा ऐटीत म्हणाले, "रोकड नोको. पोराच्या नावाचा चेक आणून द्या." शुक्रवारी सकाळी तो गावाहून रजिस्टर टपालानं माझ्या हाती पडला. आयुष्यातला पहिला चेक! पाकीट उघडलं आणि मला घाम फुटला.

आईनं लक्ष्मीची पूजा केली होती. हळद, कुंकू, वर दोन अक्षता चिकटलेल्या. आणि कुंकू कुठं? तर नेमकं मी सांगितलेल्या आसनावर, ओल्या अंगठ्यानं, भरघोस.

चेक सदरातल्या त्याच बँकेचा होता, तसाच तिकडे धावलो. खिडकीतल्या कारकुनानं, गळ्याला टाय बांधलेला माणूस तो, कागद लांब धरून पाहिला. "सही दिसत नाही. ज्यांनी दिला त्यांच्याकडून दुसरा आणा."

"आज फी नाही भरली तर माझं वर्ष जाईल हो."

"मग जरा पळत जा. दोन वाजता खिडकी बंद."

सदरातून इतवारी. वाटेत एका टांग्याला मी मागं टाकलं, आणि तो घोडा नंतर बरेच दिवस माझी चौकशी करत होता म्हणतात. अडत्या गादीवर पाय पसरून बसला होता. मी धापा टाकत सगळं सांगितलं.

"देऊन टाकतो ना बाप्पा दुसरा," तो म्हणाला. "हा आण इकडे, फाडतो. नाही तं एका मालाचे दोन चेक होतील." त्यानं चेक हातात घेतला आणि विंचू पाहावा तसा दचकला. "काहून गा, हे तं पुजलेलं हाये!"

"हो. आईनं..."

"अन् आज शुक्रवार! पुजलेली लक्ष्मी मी माह्या हातानं फाडू? दुकान बसवतो का माहं?"

"बरं, नुसती रेघ मारा."

"लक्ष्मीवर रेघ?" त्यानं कानांना हात लावला. फाडणार नाही, आणि फाडल्याशिवाय दुसरा देणार नाही. मुनीमही मान हलवत होता. त्यात दोघांची काही चूक नव्हती. त्यांच्या जागी बाबांनीही तेच केलं असतं. मला डोळ्यांसमोर मिरच्यांचा ढीग दिसायला लागला.

आणि एकदम वर्ग आठवला. सर फळ्याजवळ उभे: चेकवर खाडाखोड झाली, तर देणाऱ्यानं तिथंच पुन्हा पूर्ण सही करावी.

"शेठ, फाडू नका. रेघही नको. कुंकवाच्या खाली कोरी जागा आहे. तिथं परत सही करा. एकाच चेकचे दोन होत नाहीत."

अडत्यानं पसरलेले पाय आखडून घेतले. "हे कोणी सांगितलं तुले?"

"हेच तर शिकून राहिलो, शेठ."

त्यानं दौत ओढली, चेकला नमस्कार केला आणि कुंकवाला धक्का न लावता, पोथी लिहावी तशी सही केली. "तुह्या बापाले सांग," तो म्हणाला, "पोट्टा कामाचं शिकते म्हणून."

दोनाला पाच मिनिटं असताना मी खिडकीवर होतो. कारकुनानं मोठ्या वहीतली सही काढून ताडून पाहिली, मान हलवली, बिल्ला दिला. पण चेक धरताना त्याचा अंगठा लाल झाला होता. त्यानं अंगठ्याकडे पाहिलं. विजारीला पुसायला हात खाली गेला, तिथंच अडला. त्यानं साहेबाच्या खोलीकडे एक नजर टाकली आणि पटकन ते कुंकू कपाळाला लावून घेतलं. मग काहीच झालं नसल्यासारखा माझा नंबर पुकारला.

फी भरली. परीक्षेला बसलो, पास झालो. एवढ्या मोठ्या यशाच्या गोष्टी मनात जुळवत सुट्टीत भिवापूरला गेलो. पाहतो तर ओसरीवर खुर्ची. आमच्या घरात खुर्ची कधी नव्हती. बाबांनी शाळेच्या मास्तरांकडून मागून आणलेली.

"बस गा," म्हणाले, आणि स्वतः खाली भिंतीला टेकून बसले.

"बाबा, मी पण खालीच बसतो."

"बस वरतं. लोकं पाहून राहिले."

अंगणात खरंच माणसं जमली होती. बसलो. आईनं पाण्याचा तांब्या आणून दिला, पाहुण्याला देतात तसा, फुलपात्र वर पालथं घालून. सगळे नुसते माझ्याकडे बघत होते, आणि बाबा सगळ्यांत जास्त. त्या दिवशी मी एकही थाप मारली नाही. सुचलीच नाही.

पुढं बँकेतच चिकटलो, नागपूरचाच झालो. आयुष्यभर खुर्च्यांवरच बसलो, एकाहून एक मोठ्या. आता तुम्ही गावात राहिलेले आणि माझ्यासारखे निघून आलेले, दोघंही विचारता, घर कुठलं तुमचं? तर बाबांच्या शेजारी, त्या खुर्चीच्या पायाशी, हातभर जागा रिकामी होती ना, तेवढंच. खाली उतरून बसायला हवं होतं. लोकांनी पाहिलं असतं, पाहू दिलं असतं.